विश्लेषण : पाळीव जर्बिलला अचानक पिल्ले झाली, आता काय करायचे?

‘दोन्ही माद्याच आहेत’ या दुकानदाराच्या भरवशावर आणलेली जोडी, काही आठवडे सुरळीत चाललेला त्यांचा संसार आणि मग एके सकाळी काचेच्या टाकीतल्या भुशातून येणारी बारीक चिवचिव. जर्बिल पाळणाऱ्या अनेक घरांत पहिले वेत असेच, कोणतीही पूर्वसूचना न देता येते. बोटाच्या पेराएवढे, लालसर, डोळे मिटलेले जीव पाहून मुले हरखतात आणि मोठी माणसे धास्तावतात. पिल्लांना दूध पाजायचे का? नराला बाजूला काढायचे का? टाकी स्वच्छ करायची का? पिल्लांना हात लावला तर आई त्यांना खाते, हे खरे का? आणि सर्वांत अवघड प्रश्न म्हणजे, ही सगळी पिल्ले मोठी झाल्यावर ठेवायची कुठे? पिल्ले वाढवण्याचे बहुतेक काम त्यांची आई चोख करते. माणसाकडे उरते ते तारखा सांभाळण्याचे काम आणि घोळ होतो तो नेमका तिथेच.

जर्बिल हा प्राणी मूळचा कुठला?

घरात पाळला जाणारा जर्बिल हा ‘मंगोलियन जर्बिल’ (शास्त्रीय नाव मेरिओनेस उंग्विक्युलाटस). मंगोलिया, उत्तर चीन आणि लगतच्या रशियातील कोरड्या गवताळ प्रदेशात तो जमिनीखाली बिळे करून कुटुंबाने राहतो. फ्रेंच धर्मोपदेशक व निसर्ग-अभ्यासक आर्मां डेव्हिड यांनी १८६६ मध्ये त्याचे नमुने पॅरिसच्या संग्रहालयाकडे धाडले आणि पुढच्याच वर्षी आल्फोन्स मिल्न-एडवर्ड्स यांनी त्याचे शास्त्रीय वर्णन केले. प्रयोगशाळांतून आणि नंतर घराघरांतून पसरलेल्या जर्बिलांचा वंश मात्र बऱ्याच अलीकडचा आहे. १९३५ मध्ये जपानी संशोधकांनी पकडलेल्या २० जोड्यांपासून जपानमध्ये पैदास सुरू झाली. त्यातील काही प्राणी १९५४ मध्ये अमेरिकेत नेण्यात आले आणि तिथून ते पाळीव प्राणी म्हणून जगभर गेले.

हा इतिहास सांगण्याचे कारण असे की, जर्बिलच्या साऱ्या सवयी कोरड्या हवेतल्या, बिळातल्या आणि कुटुंबात राहणाऱ्या प्राण्याच्या आहेत. हॅमस्टर एकलकोंडा असतो. जर्बिलला सोबत लागते. त्यामुळे तो बहुधा जोडीने विकला जातो आणि जोडी ओळखण्यात चूक झाली की घरात पाळणा हलतो.

पिल्ले ‘अचानक’ कशी होतात?

दोन कारणे प्रामुख्याने दिसतात. पहिले, नर-मादी ओळखण्यातील चूक. लहान वयात दोघांतला फरक चटकन कळत नाही. दुसरे, दुकानात नर-माद्या एकाच टाकीत ठेवलेल्या असतात आणि मादी घरी येतानाच गाभण असते. अशा वेळी एकटी आणलेली मादीसुद्धा तीन-साडेतीन आठवड्यांत विते.

जर्बिलचा गर्भकाळ साधारण २४ ते २६ दिवसांचा असतो. शेवटचा आठवडा सोडला तर मादीचे पोट फारसे दिसत नाही. ती घरटे नीट रचू लागते, कागद कुरतडून मऊ थर करते, एवढीच काय ती खूण. एका वेतात सरासरी पाचच्या आसपास पिल्ले होतात. कधी एकच, तर कधी आठ-दहाही. जन्मतः पिल्लाचे वजन तीन ग्रॅमच्या आसपास, म्हणजे एक रुपयाच्या नाण्याइतके असते. अंगावर केस नाहीत, डोळे आणि कान बंद, शरीराची ऊब स्वतः टिकवण्याची ताकद नाही. आईची कूस आणि भावंडांचा गोळा हेच त्यांचे अंथरूण-पांघरूण.

पहिला निर्णय नराबाबतचा का?

पिल्ले दिसली की सर्वांचे लक्ष पिल्लांकडे जाते. घड्याळ मात्र दुसरीकडेच सुरू झालेले असते. जर्बिलची मादी व्यायल्यानंतर काही तासांतच पुन्हा माजावर येते. नर सोबत असेल तर त्याच दिवशी ती पुन्हा गाभण राहू शकते. अंगावर पिल्ले पीत असताना पोटातील गर्भाची वाढ काही काळ थबकते. त्यामुळे हा दुसरा गर्भकाळ सहा आठवड्यांपर्यंत लांबू शकतो. म्हणजे पहिली पिल्ले जेमतेम सुटी होत असतानाच दुसरे वेत दारात उभे असते.

हिशेब मांडून पाहावा. एका वेतात पाच पिल्ले आणि दर सहा आठवड्यांनी एक वेत धरले, तरी सहा महिन्यांत एकाच जोडीची पाच वेते, म्हणजे २५ पिल्ले होतात. पहिल्या वेतातील मुली तीन महिन्यांच्या आत वयात येतात, त्यांची पिल्ले यात धरलेली नाहीत. सतत वीत राहिलेल्या मादीच्या शरीराची झीज होते ती वेगळीच.

म्हणून पुढचे वेत नको असेल तर नराला मादी विण्याआधी किंवा पिल्ले दिसताक्षणी वेगळे करावे. मात्र यातही एक मेख आहे. जर्बिल एकमेकांना वासावरून ओळखतात. एक-दोन दिवसांहून अधिक काळ दूर राहिलेला नर परत सोडला तर मादी त्याला परका समजून हल्ला करू शकते आणि जर्बिलांची भांडणे जिवावर बेततात. नराला दूर काढले, की तो तात्पुरता काढला असे समजू नये. त्याच टाकीत मधोमध बारीक, मजबूत जाळी बसवून त्याला पलीकडे ठेवणे हा चांगला मार्ग. दोघांना वास येत राहतो, पण भेट होत नाही. जाळी पूर्ण रुंदीची आणि झाकणापर्यंत उंच हवी. भुसा उकरून खालून वाट काढण्यात जर्बिल पटाईत असतो.

नर पिल्लांना इजा करतो म्हणून काढायचा, हा समज मात्र चुकीचा आहे. जर्बिलचा बाप पिल्लांना ऊब देतो, चाटून स्वच्छ करतो, आई खायला गेली की घरट्यात बसतो. काही जण म्हणूनच त्याला राहू देतात. तो निर्णयही चुकीचा नाही, फक्त त्याची किंमत आधी माहीत हवी : दुसरे वेत जवळपास नक्की. तसे ठरवले तर दुसरे वेत येण्याआधी नराला हलवायचे, ही तारीख त्याच दिवशी दिनदर्शिकेवर लिहून ठेवावी. पिल्ले सकाळी सापडली असतील, तर रात्रीच मीलन झालेले असण्याची शक्यता असते. नर तातडीने वेगळा केला तरी चार ते सहा आठवड्यांनी आणखी पिल्ले येऊ शकतात, हे गृहीत धरावे.

पहिल्या आठवड्यात काय करावे, काय टाळावे?

शक्य तितके कमी करावे, हेच उत्तर. टाकी हलवू नये, पूर्ण भुसा बदलू नये. घरट्याला लागलेला वास ही आईसाठी खूणगाठ असते. साफसफाईच्या नादात ती पुसली की ती अस्वस्थ होते. दीड-दोन आठवडे केवळ ओला झालेला कोपरा तेवढा काढावा. फिरते चाक काढून ठेवावे, कारण आई चाकात घरटे करू शकते आणि त्यात पिल्ले चिरडली जाऊ शकतात. वरच्या मजल्याचे लाकडी फळकूट, जड मातीची भांडी असे काही बिळावर कोसळेल असे ठेवू नये.

घरटे रचायला साधा, रंग आणि सुगंध नसलेला टिश्यू पेपर पट्ट्या करून टाकावा. मादी तो स्वतः कुरतडून मऊ करते. कापूस मात्र मुळीच घालू नये. त्याचे तंतू पिल्लांच्या पायांना गुंडाळले जाऊन रक्तपुरवठा तुटतो. देवदार, पाइन यांचा उग्र वासाचा भुसाही नको. त्यातील द्रव्यांनी श्वसनाचा त्रास होतो. सुताराकडून फुकट मिळालेल्या भुशात प्लायवूडचा डिंक, पॉलिश मिसळलेले असते, तोही टाळावा.

आपल्याकडे आणखी एक शत्रू लक्षात घ्यायला हवा, तो म्हणजे लाल मुंग्या. दाणे आणि दुधाचा वास यांमुळे त्या टाकीकडे वळतात आणि उघडी-बोडकी पिल्ले स्वतःचा बचाव करू शकत नाहीत. त्यावर मुंग्यांचा खडू किंवा फवारा वापरणे म्हणजे पिल्लांवरच विष टाकणे. टेबलाच्या चारही पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवण्याचा जुन्या स्वयंपाकघरातील उपाय इथे उत्तम चालतो. मच्छर अगरबत्ती, धूप, फिनेल हेही त्या खोलीपासून दूर ठेवावे.

हात लावला तर आई पिल्लांना खाते का?

हॅमस्टरबाबत ही भीती बऱ्याच अंशी खरी आहे. पहिल्या दिवसांत छेडछाड झाली तर हॅमस्टरची मादी पिल्लांना मारू शकते. जर्बिल मात्र त्या मानाने सोशीक आई असते. माणसाच्या हाताचा वास आला म्हणून ती पिल्लांना सहसा टाकत नाही. तरीही कौतुकापोटी पिल्ले उचलण्याचे कारण नाही. मोजणी करायची असेल तर आई दाण्यांवर आली असताना दुरून नजर टाकावी.

एखादे पिल्लू घरट्याबाहेर पडलेले दिसले, तर थोडा वेळ वाट पाहावी. बहुतेकदा आई ते तोंडात धरून परत नेते. तिने नेले नाही आणि पिल्लू थंड लागले, तर हातांवर टाकीतला भुसा चोळून ते उचलावे, मिटलेल्या ओंजळीत हळूहळू ऊब द्यावी आणि मग भावंडांमध्ये ठेवावे. गारठलेले पिल्लू तसेच घरट्यात ठेवले तर आई त्याला मेलेले समजू शकते.

आणि मेलेले पिल्लू आई खाते, हे खरे आहे. पहिलटकरणीच्या वेतात एखाद-दुसरे पिल्लू दगावणे नवलाचे नाही. बिळात राहणाऱ्या प्राण्याने कुजणारे शरीर घरट्यात ठेवले तर बाकीच्यांना रोग होईल आणि वासाने शिकारी येईल. म्हणून ती ते संपवते. घरातील मुलांना हे दृश्य हादरवून टाकते. अशा वेळी ‘आई दुष्ट आहे’ असे म्हणू नये आणि खोटी कहाणीही रचू नये. जे पिल्लू जगणार नव्हते ते गेले आणि उरलेल्यांना तिने जपले, इतके सरळ सांगितलेले मुलांना समजते.

आईच्या खाण्यात काय बदल करावा?

पाच पिल्लांना दूध पाजणारी, पोटात कदाचित दुसरे वेत वाढवणारी मादी भरपूर खाते आणि पाणीही जास्त पिते. नेहमीच्या दाण्यांच्या मिश्रणात बाजरी, राळे, ज्वारी, ओट्स असावेत. प्रथिनांसाठी उकडलेल्या अंड्याचा चण्याएवढा तुकडा एक दिवसाआड द्यावा. न खाल्लेला तुकडा त्याच दिवशी काढावा, नाही तर तो बिळात नेऊन कुजवला जातो. सूर्यफुलाच्या बिया जर्बिलला अतिशय आवडतात, पण त्यांत स्निग्धांश जास्त आणि कॅल्शियम कमी असते. त्या मोजूनच द्याव्यात. कांदा, लसूण, लिंबूवर्गीय फळे, चॉकलेट आणि आपल्या ताटातले फरसाण, पोळीचे तुपाळ तुकडे अजिबात नकोत.

पाण्याच्या बाटलीची नळी दररोज बोटाने तपासावी. नळीतील गोळी अडकली तर बाटली भरलेली दिसते आणि प्राणी तहानलेला राहतो. उघडे भांडे ठेवल्यास पिल्ले त्यात बुडू शकतात.

पिल्ले दिवसागणिक कशी वाढतात?

पाचव्या दिवसाच्या आसपास कानांच्या पाळ्या उलगडतात. पहिल्या आठवड्याच्या अखेरीस अंगावर मखमली लव येते आणि कोणते पिल्लू कोणत्या रंगाचे हे कळू लागते. दहाव्या-बाराव्या दिवशी आंधळीच पिल्ले घरट्याबाहेर सरपटू लागतात आणि आई त्यांना ओढून परत आणण्यात दमून जाते. सोळाव्या ते विसाव्या दिवशी डोळे उघडतात. याच सुमारास ती दाणे कुरतडून पाहू लागतात. तीन ते चार आठवड्यांत अंगावरचे दूध सुटते.

डोळे उघडल्यापासून दूध सुटेपर्यंतचा काळ नाजूक. पिल्लांचे तोंड पोहोचेल इतकी बाटलीची नळी खाली आणावी. बारीक दाणे, कोरडे ओट्स, काकडीचा पातळ काप टाकीत पसरून ठेवावा. एखादे पिल्लू इतरांहून लहान राहिले असेल तर आईला थोडे अधिक दिवस त्याच्यासोबत राहू द्यावे. दूध सुटले म्हणजे पिल्लू घर सोडायला तयार झाले असे नव्हे. भावंडांसोबतची मस्ती, उकरणे, धोक्याच्या वेळी मागचे पाय आपटून इशारा देणे हे सारे पुढच्या दोन-तीन आठवड्यांत अंगवळणी पडते. सहा आठवड्यांच्या आत पिल्लू कोणालाही देऊ नये.

माणसाळवायची वेळही हीच. डोळे उघडल्यावर रोज पाच-दहा मिनिटे तळहातावर चढू द्यावे. या वयात पिल्ले लाहीसारखी उडतात, म्हणून उभे राहून हाताळू नये; दार बंद करून जमिनीवर बसावे. शेपटी धरून उचलणे सर्वांत घातक. जर्बिलच्या शेपटीची कातडी सहज सोलून निघते आणि ती पुन्हा येत नाही. नव्या जागेत किंवा हाताळताना काही जर्बिलांना फेफरे येते. ते थरथरतात, ताठ होतात. अशा वेळी खाली ठेवून अंधार व शांतता द्यावी. बहुधा ते काही मिनिटांत सावरतात. मात्र असे फेफरे येणाऱ्या प्राण्यांची पुढे पैदास करू नये, कारण ही प्रवृत्ती आनुवंशिक असते.

पावसाळा, उन्हाळा आणि फटाके यांत काय काळजी घ्यावी?

मंगोलियाच्या कोरड्या हवेतल्या या प्राण्याला मुंबई-कोकणचा दमट पावसाळा सोसत नाही. हवेतील आर्द्रता ५० टक्क्यांच्या वर राहिली की त्याचे केस चिकट आणि विस्कटलेले दिसू लागतात. भुसा ओलसर राहिला तर बुरशी धरते आणि पिल्लांना सर्दी होते. टाकी बाहेरच्या भिंतीपासून दूर ठेवावी, जाळीचे झाकण ठेवून हवा खेळती राहील हे पाहावे, मोठ्या प्राण्यांना अंग घोळायला स्वच्छ कोरडी बारीक वाळू द्यावी. अगदी लहान पिल्ले असताना वाळूचे भांडे घरट्यालगत नको.

विदर्भ-मराठवाड्यात प्रश्न उन्हाळ्याचा. इथे कूलरसमोर टाकी ठेवण्याची चूक हमखास होते. कूलर हवा थंड करतो तो पाण्याने, म्हणजे आर्द्रता वाढवूनच. शिवाय थेट झोताने पिल्ले गारठतात. खोली थंड करावी, टाकीवर झोत नको. टाकीच्या एका टोकाला फरशीचा गार तुकडा ठेवला की आई स्वतःच जागा निवडते. काचेच्या टाकीवर ऊन येणार नाही ना, हे दिवसभराच्या सगळ्या वेळांना पाहावे. सकाळी सावलीत असलेली टाकी दुपारी चारला भट्टी झालेली असू शकते.

गणपतीतले ढोल आणि दिवाळीतले फटाके यांनी आई बिथरते, पिल्ले इकडून तिकडे हलवत राहते. त्या दिवसांत टाकी रस्त्याकडच्या खोलीत नको, असल्यास दोन-तीन दिवस आधीच आतल्या खोलीत न्यावी.

आई आजारी पडली किंवा दगावली तर?

पिल्लांचे पोट भरते आहे की नाही याची एक सोपी खूण आहे. नवजात पिल्लाची कातडी इतकी पातळ असते की पोटात दूध असेल तर डाव्या कुशीकडे पांढरा पट्टा दिसतो. एक दिवस उलटूनही तो कोणत्याच पिल्लात दिसला नाही, पिल्ले थंड व विखुरलेली असतील, आई निपचित पडली असेल, तिला रक्तस्राव होत असेल किंवा कळा देऊनही पिल्लू बाहेर येत नसेल, तर पशुवैद्यकाकडे जाण्यास उशीर करू नये.

आई नसताना दहा दिवसांहून लहान पिल्ले जगवणे अतिशय कठीण असते, हे आधीच मान्य करावे. बाप ऊब देऊ शकतो, दूध नाही. ओळखीत कोणाकडे त्याच वयाची पिल्ले असलेली मादी असेल तर तिच्या घरट्यात ती मिसळणे हा सर्वांत चांगला उपाय. ते शक्य नसेल तर मांजरीच्या पिल्लांसाठी मिळणारी दूध भुकटी पशुवैद्यकाच्या सल्ल्याने कालवून, कोमट करून, बारीक कुंचल्याच्या टोकाने थेंब-थेंब चाटवावी. गाई-म्हशीचे दूध देऊ नये. त्याने हगवण लागते. दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा हे करावे लागते. दूध तोंडात ढकलले तर ते फुप्फुसात जाते. प्रत्येक वेळी कोमट पाण्यात भिजवून पिळलेल्या कापसाने पोटाखाली हलके पुसावे, कारण लहान पिल्लांना त्या स्पर्शाशिवाय लघवी होत नाही. उबेसाठी गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून खोक्याच्या फक्त अर्ध्या भागाखाली ठेवावी.

कुत्र्या-मांजरांवर उपचार करणारे सर्वच डॉक्टर उंदीरवर्गीय प्राणी तपासत नाहीत. परळचे मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय, नागपूरचे पशुवैद्यकीय महाविद्यालय किंवा आपल्या शहरातील पशुवैद्यकांपैकी कोण हे प्राणी पाहते, याची चौकशी गरज पडण्याआधीच करून ठेवावी.

नर-मादी केव्हा आणि कसे वेगळे करावेत?

पिल्ले तीन-चार आठवड्यांची झाली की शेपटीखाली पाहावे. मूत्रद्वार आणि गुदद्वार यांतील अंतर नरात जास्त, मादीत अगदी कमी असते. एकच पिल्लू पाहून अंदाज चुकतो. सर्व भावंडे शेजारी-शेजारी ठेवून तुलना केली तर फरक उठून दिसतो. पाच ते सात आठवड्यांत नराच्या शेपटीच्या मुळाशी फुगीर, गडद भाग स्पष्ट होतो. एकदा पाहून खात्री धरू नये. दर आठवड्याला पुन्हा तपासावे. पहिली चूक झाली ती एकदाच पाहिल्यामुळे.

सहाव्या आठवड्यात मुलगे आणि मुली वेगळ्या टाक्यांत हलवावेत, आठव्यापलीकडे तर थांबूच नये. वेगळ्या ठेवलेल्या बापाकडे मुलगे आणि आईकडे मुली अशी विभागणी सोयीची ठरते. जाळीपलीकडच्या बापाला मुलांचा वास परिचयाचा असतो. तरीही पहिले काही तास लक्ष ठेवावे. माद्यांचे मोठे गट पुढे फुटतात आणि मारामाऱ्या होतात, म्हणून दोन-दोनच्या जोड्या करणे श्रेयस्कर. रक्त दिसले की त्या दोघी पुन्हा एकत्र ठेवायच्या नाहीत.

जास्तीची पिल्ले बागेत सोडली तर काय हरकत?

हरकत दुहेरी आहे. पिढ्यानपिढ्या टाकीत वाढलेला जर्बिल बागेत, माळावर सोडणे म्हणजे मांजर, घार, कावळा आणि भूक यांच्या हवाली करणे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याच्या कलम ११ नुसार उपासमार किंवा तहानेने हाल होतील अशा स्थितीत प्राणी सोडून देणे हा गुन्हा आहे. दुसरी बाजू निसर्गाची. परदेशी उंदीरवर्गीय प्राणी मोकळ्यावर रुजला तर पिके आणि स्थानिक प्राणी यांना धोका होतो. याच भीतीने अमेरिकेतील कॅलिफोर्निया आणि हवाई या राज्यांत जर्बिल पाळण्यावर बंदी आहे. ऑस्ट्रेलियातही तो आणता येत नाही.

आपल्या रानात स्वतःचा जर्बिल आहेच. टाटेरा इंडिका या नावाने ओळखला जाणारा भारतीय जर्बिल कोरडवाहू शेतांत बिळे करतो आणि पिकांचे नुकसान करतो. देशातील प्लेगच्या जंतूंचा जंगली साठा ज्या प्राण्यांत टिकून राहतो, त्यांत त्याची गणना होते. १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातील मामला गावात प्लेगने डोके वर काढले तेव्हा रानातले उंदीर आणि त्यांच्या पिसवा यांची चर्चा राज्यभर झाली होती. म्हणून नांगरताना बिळात सापडलेली रानटी पिल्ले ‘पाळायला’ घरी आणू नयेत. पाळीव जर्बिल वेगळा, रानातला वेगळा.

मग पिल्लांना घर कसे शोधायचे?

शोध पिल्ले आठवड्याची असतानाच सुरू करावा, सहाव्या आठवड्यात नव्हे. नातेवाईक, मुलांच्या मित्रांची घरे, पशुवैद्यक, प्राणीप्रेमी संस्था यांना आधी कल्पना द्यावी. देताना एकच लिंगाची जोडी द्यावी आणि घेणाऱ्याला तीन गोष्टी स्पष्ट सांगाव्यात : जर्बिल तीन-चार वर्षे जगतो, त्याला उकरायला खोल भुसा लागतो आणि एकट्याने तो कष्टी होतो. सापांचे खाद्य म्हणून पिल्ले मागणारेही भेटतात. फुकट देण्याच्या जाहिरातीने ते लवकर येतात. घर पाहून, बोलून मगच द्यावे. दुकानाला देण्याचा विचार असेल तर पेट शॉपसाठीच्या २०१८ च्या केंद्रीय नियमांनुसार त्याची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी आहे का, हे विचारावे. आपण फसलो त्याच दुकानात, नर-मादी एकत्र ठेवणाऱ्या टाकीत पिल्ले परत देणे म्हणजे हीच गोष्ट दुसऱ्या घरी घडवून आणणे.

सगळी पिल्ले जातीलच असे नाही. काही घरीच ठेवावी लागतील, म्हणजे टाक्या, दाणे, जागा यांचा खर्च आला. तो परवडेल का, हे नराला वेगळे करण्याच्या पहिल्या दिवशीच स्वतःला विचारावे. त्या दिवशी दिनदर्शिकेवर चार खुणा कराव्यात : नराला हलवल्याचा दिवस, दुसरे वेत येऊ शकेल तो आठवडा, डोळे उघडण्याचा अठरावा दिवस आणि मुलगे-मुली वेगळे करण्याचा सहावा आठवडा. या चार तारखा चुकल्या नाहीत, तर अनपेक्षित आलेले पहिले वेतच शेवटचे ठरू शकते आणि भुशातली ती चिवचिव घरासाठी ओझे न होता आठवण होऊन राहते.